मतदार आणि वन्यजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वन्यजीव वाचवण्यासाठी सामान्य माणसाने काय करावे, असे विचारले की देणगी द्यावी, झाडे लावावीत, जंगलात गेल्यावर शिस्त पाळावी, अशी उत्तरे मिळतात. ही सर्व कामे करण्याजोगीच आहेत. मात्र अभयारण्यातून दुपदरी रेल्वे न्यावी का, वाघांच्या वाटेवर कोळशाची खाण उघडावी का, गावाच्या देवराईतून रस्ता जावा का, हे निर्णय निवडून आलेल्या लोकांच्या सहीने होतात आणि त्यांपैकी बहुतेक निर्णयांच्या आधी नागरिकाला आपले म्हणणे मांडण्याची ठरलेली मुदत असते. ही मुदत अनेकदा कोणाच्या लक्षात येण्याआधीच संपून जाते. पुढील उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्र आणि गोव्यातील मतदारांना समोर ठेवून लिहिली आहेत.

मतदानाचा आणि वन्यजीवांचा नेमका संबंध काय?

पूर्वी वने आणि वन्यप्राण्यांचे संरक्षण हे विषय केवळ राज्यांच्या अखत्यारीत होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आले, त्यामुळे विधानसभा आणि संसद या दोघींनाही त्यांवर कायदे करता येतात. त्याच घटनादुरुस्तीने ‘४८ अ’ आणि ‘५१ अ’ ही कलमे घटनेत आली. वने आणि वन्यजीवांचे रक्षण हे पहिल्या कलमाने राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरले आणि दुसऱ्याने प्रत्येक नागरिकाचे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात आणि त्यावर विधिमंडळाचे तीन सदस्य नेमलेले असतात. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात आणि त्यावर तीन खासदार असतात. अभयारण्य घोषित करण्याचा अधिकार राज्य सरकारचा असला, तरी एकदा घोषित झालेल्या अभयारण्याची हद्द राष्ट्रीय मंडळाच्या शिफारशीशिवाय बदलता येत नाही. थोडक्यात, आपण ज्यांना निवडून देतो त्यांच्यापैकीच काही जण या मंडळांच्या बैठकींत बसतात.

ताडोबाचे उदाहरण फार जुने नाही. २०२० मध्ये केंद्राने लिलावासाठी काढलेल्या कोळसा खाणपट्ट्यांच्या यादीत चंद्रपूर जिल्ह्यातील बंदर हा पट्टा होता. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या वाघांच्या भ्रमणमार्गावर तो येत असल्याने स्थानिक वन्यजीवप्रेमींनी आवाज उठवला, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राकडे लेखी विरोध नोंदवला आणि तो पट्टा यादीतून वगळण्यात आला. लोकांचा आवाज आणि मंत्र्यांचे पत्र यांपैकी एकच गोष्ट असती तर असे झाले असते का, याविषयी मला शंका आहे.

एका निवडणुकीने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि तो दोन्ही दिशांनी पडू शकतो. मुंबईतील आरेच्या मेट्रो कारशेडचा क्रम आठवून पाहावा. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ही तोड थांबवली, परंतु तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. त्याच महिन्याच्या २१ तारखेला विधानसभेचे मतदान झाले. त्यानंतर आलेल्या सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचे ठरवले आणि आरेतील शेकडो एकर जागा राखीव वन म्हणून घोषित करण्याची प्रक्रिया सुरू केली. २०२२ मध्ये सरकार बदलताच कारशेड पुन्हा आरेत आले.

यावरून मतदान व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. मला तो मान्य नाही. सरकारच्या मर्जीने घेतलेला निर्णय पुढच्या सरकारच्या मर्जीने फिरतो, मात्र कायद्याने अधिसूचित झालेली हद्द इतक्या सहजी फिरत नाही. म्हणून उमेदवाराकडून केवळ विरोधाचे किंवा पाठिंब्याचे आश्वासन घेऊन थांबू नये. संबंधित जमीन राखीव वन, संवर्धन राखीव क्षेत्र किंवा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून अधिसूचित करून घेण्याची तयारी आहे का, हे स्पष्ट विचारावे. सिंधुदुर्गातील तिळारीचे जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाले आणि आंबोलीतील हिरण्यकेशीचा परिसर, तेथील दुर्मीळ माशासाठी, २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाला. सरकारे बदलल्यावरही अशी अधिसूचना कागदावर उभी राहते आणि तिच्या आधारे न्यायालयात दाद मागता येते.

लोकसभा, विधानसभा, महापालिका आणि ग्रामपंचायत यांपैकी कोणती निवडणूक अधिक महत्त्वाची?

कायदे बदलायचे असतील तर लोकसभा. वनसंवर्धन कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती संसदेच्या संयुक्त समितीकडे गेली होती आणि समितीने मूळ विधेयकात बदल न सुचवता ते परत पाठवले. त्या समितीत आपला खासदार होता का, असल्यास त्याने काय म्हटले, हे बहुतेक मतदारांनी विचारले नाही. अभयारण्ये, वनविभागातील रिक्त पदे आणि नुकसानभरपाईचे दर यांसाठी विधानसभा पाहावी.

दैनंदिन परिणामाच्या दृष्टीने मात्र स्थानिक स्वराज्य संस्थेला मी अधिक महत्त्व देतो. वस्तीलगत कचरा उघडा पडला की भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. हा कचरा उचलण्याचे काम वनविभागाचे नाही, नगरपालिकेचे आहे. समुद्रकिनाऱ्यावर प्रखर दिवे लावले की अंड्यातून बाहेर आलेली कासवाची पिल्ले पाण्याऐवजी दिव्यांच्या दिशेने जातात, आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांचा विषय ग्रामपंचायतीच्या बैठकीत येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने कासवांची घरटी जपून त्यांभोवती पर्यटन उभे केले, त्यात गावकऱ्यांचा सहभाग मोलाचा ठरला. शहरांत झाडे तोडण्याचे प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणापुढे येतात, ज्यात नगरसेवक सदस्य असतात. २०२२ नंतर राज्यातील अनेक महापालिकांत निवडणुकाच न झाल्याने दीर्घ काळ प्रशासक होते, आणि त्या काळात अशा प्रस्तावांवर मतदारांना उत्तरदायी असलेले कोणी नव्हते.

गावसभेला वन्यजीवांच्या बाबतीत खरेच काही अधिकार आहेत का?

बहुतेक गावकऱ्यांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ नुसार वनहक्कधारक आणि ग्रामसभा यांना वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता यांचे संरक्षण करण्याचा अधिकार आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला आपल्या जंगलाचे व्यवस्थापन करता येते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे असे हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील त्यांचा हक्क २००९ मध्ये मान्य झाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे, परंतु तिच्यामागे वर्षानुवर्षांच्या बैठका, अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त आहे, याकडे कमी लक्ष जाते.

ग्रामसभेचा शब्द किती वजनदार ठरू शकतो, हे ओडिशातील नियमगिरीत दिसले. तेथील डोंगरावर बॉक्साइटची खाण प्रस्तावित होती. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात ज्या बारा गावांत सभा झाल्या त्या सर्वच्या सर्व गावांनी, डोंगरिया कोंध आणि त्यांच्या शेजारच्या लोकांनी, खाणीला नकार दिला. पुढे केंद्र सरकारनेही परवानगी नाकारली. बारापैकी एका जरी गावाने होकार दिला असता तर त्या एका होकाराचा आधार घेतला जाण्याची शक्यता होती.

आपल्याकडे पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात सिंधुदुर्गातील २५ गावांनी, आमचा परिसर संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केल्याची नोंद आहे. ‘लोकांना संरक्षण नकोच आहे’ असे कोणी म्हणाले की मी हे उदाहरण देतो. सावंतवाडी-दोडामार्ग हा वाघांचा भ्रमणमार्ग असलेला पट्टा. तेथील वृक्षतोडीला उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२४ मध्ये हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवण्याबाबत चार महिन्यांत कार्यवाही करण्याचे निर्देश दिले. न्यायालयाच्या निर्देशाच्या कितीतरी आधी गावांचे ठराव झाले होते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी येथे सांगितल्या पाहिजेत. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे आणि गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी लागते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट उरत नाही, म्हणून महत्त्वाचे ठराव पुष्कळदा तहकूब सभेत मोजक्या माणसांच्या उपस्थितीत मंजूर होतात. दुसरी गोष्ट म्हणजे गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तोच ग्रामसभेचा सदस्य. पुण्या-मुंबईत राहून गावच्या जंगलाची काळजी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आमच्या शेतात रानडुकरे आणि गवे धुडगूस घालतात. मी वन्यजीवांच्या बाजूने मत का द्यावे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला शहरातून उपदेश करणे अन्यायाचे आहे. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्यांच्या सावटाखाली रात्रीचे पाणी देणारा शेतकरी, दोडामार्गात हत्तींनी एका रात्रीत केळीची आणि माडाची बाग झोपवलेली पाहणारा बागायतदार आणि चंद्रपुरात तेंदूपाने गोळा करायला जाताना जीव मुठीत धरणारी बाई यांच्या मताला वन्यजीवांच्या प्रश्नात सर्वांत अधिक अर्थ आहे, कारण संरक्षणाची खरी किंमत तेच मोजतात.

त्यांना डावलून केलेले संरक्षण टिकत नाही, याचे उदाहरण सोलापूरजवळच्या नान्नजचे आहे. माळढोकसाठी १९७९ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याची हद्द सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर इतकी पसरली होती. तीत शेते, गावे, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्याने लोकांचा राग साहजिकच त्या पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर फार उशीर झाला होता. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे ही विरळा घटना आहे.

म्हणून अशा मतदाराने उमेदवाराकडे दोन्ही मागण्या एकत्र कराव्यात. पंचनामा वेळेत व्हावा, भरपाई त्याच हंगामात खात्यावर यावी, परिक्षेत्रात वनरक्षकांची पदे भरलेली असावीत, बिबट-प्रवण गावांना शेतीसाठी दिवसा वीज मिळावी, आणि याचबरोबर प्राण्यांचा अधिवास तोडणारे प्रकल्प थांबावेत. खाणीने किंवा धरणाने जंगलाचा तुकडा पडला की तेथील जनावर शेजारच्या शेतातच उतरते. ‘सगळे प्राणी पकडून न्या’ एवढेच आश्वासन देणारा उमेदवार एक हंगाम काढून देतो. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येऊन बसल्याचा अनुभव पुणे जिल्ह्याने घेतलेला आहे.

उमेदवाराची भूमिका कशी तपासावी?

उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, देणी आणि उत्पन्नाचे स्रोत असतात. पर्यावरणाविषयीची मते त्यात नसतात, तरी खाण, वाळू किंवा बांधकाम व्यवसायातील हितसंबंध त्यातून कळू शकतात. विद्यमान आमदार किंवा खासदार पुन्हा उभा असेल, तर त्याने सभागृहात विचारलेले तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, मांडलेल्या लक्षवेधी सूचना संसदेच्या आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. पाच वर्षांत त्याने वनविभागावर एकही प्रश्न विचारला नसेल, तर प्रचारसभेतील वाघाच्या छायाचित्रावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न विचारताना तो स्थानिक आणि नेमका असावा. ‘तुम्हाला निसर्ग आवडतो का’ याला सर्वांचे उत्तर ‘हो’ असते. ‘आपल्या तालुक्यातील अमुक गावच्या अमुक गट क्रमांकावर खाणपट्टा प्रस्तावित आहे, त्याच्या जनसुनावणीला तुम्ही येणार का आणि काय बोलणार’ याला तसे उत्तर देता येत नाही.

जनसुनावणी म्हणजे काय आणि तिथे गेल्याने काय होते?

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी, काही अपवाद वगळता, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत जनसुनावणी होते. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात सूचना द्यावी लागते. अहवालाची प्रत आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी वाचायला ठेवलेला असतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी असतो आणि संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते.

मंडपात पहिल्या रांगांत बरेचदा प्रकल्पाकडून आणलेली माणसे बसलेली असतात, सादरीकरण तांत्रिक शब्दांनी भरलेले असते आणि ध्वनिक्षेपक मिळेपर्यंत दुपार उलटते. तरीही थांबावे, कारण या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहाच माणसे आली तरी ती वैध ठरते आणि ‘विरोध झाला नाही’ अशी नोंद पुढे जाते. शेवटी इतिवृत्त तेथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. आपले म्हणणे त्यात नीट आले नसेल तर त्याच क्षणी उठून दुरुस्ती सांगावी. जे प्रत्यक्ष येऊ शकत नाहीत त्यांना लेखी म्हणणे पाठवता येते.

लेखी हरकत कशी लिहावी?

अधिसूचनांच्या मसुद्यांवर साधारणतः ६० दिवसांत हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ३१ जुलै २०२४ रोजी पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा आला, ज्यात सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर आणि त्यातील महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होते. त्यालाही हीच मुदत होती.

हरकतीत भावना असावी, पण तिचा कणा माहितीचा असावा. अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक, आपले नाव व पत्ता, गाव, गट क्रमांक, आणि मग स्वतः पाहिलेले: ‘या गटातील ओढ्याला एप्रिलअखेरपर्यंत पाणी असते, गतवर्षी मे महिन्यात येथे गव्यांचा कळप पाण्यावर आलेला मी पाहिला, सोबत दिनांक असलेली छायाचित्रे जोडली आहेत, प्रकल्प अहवालात या ओढ्याचा उल्लेखच नाही.’ अशी चार वाक्ये एखाद्या लांबलचक निवेदनापेक्षा अधिकाऱ्याला टाळायला कठीण जातात. गावाची जैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील वनस्पती आणि प्राण्यांची अधिकृत नोंद, तयार असेल तर तिच्यातील संबंधित पान जोडावे. पोच घेतल्याशिवाय टपालाच्या खिडकीवरून हलू नये.

भाषेची अडचण वाटत असेल तर एक गोष्ट माहीत असू द्यावी. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाचा नवा मसुदा केवळ हिंदी आणि इंग्रजीत आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये अनुवाद करण्यास सांगितले. त्यावर लाखोंच्या संख्येने हरकती गेल्या. मराठीत हरकत पाठवण्यात कोणताही कमीपणा नाही.

समाजमाध्यमांवरील मोहीम पुरेशी नाही का?

लक्ष वेधण्यासाठी ती उपयोगी आहे. मात्र शासकीय अभिलेखात ज्याची नोंद नाही, त्याचा आधार पुढे अपिलात घेता येत नाही.

लोकप्रतिनिधींपेक्षा न्यायालयेच वन्यजीव वाचवतात, असे नाही का?

गोव्यातील मोलेचे प्रकरण पाहावे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प येणार होते. विद्यार्थी, शास्त्रज्ञ, कलावंत, पंचायती यांनी २०२० मध्ये मोहीम उभारली. नोव्हेंबरमध्ये चांदोर येथे रात्रभर हजारो लोक रेल्वेमार्गाजवळ जमले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. न्यायालयासमोर जे अभ्यास आणि आक्षेप आले, ते आधी लोकांनी गोळा केलेले होते.

न्यायालयीन आदेश अमलात आणायलाही पुन्हा सरकारच लागते. २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले आढळले. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्यास सांगितले, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तो निर्णय गोव्याच्या मतदारांनी निवडलेल्या मंत्रिमंडळाचा होता.

मतदार यादीत नाव नसेल किंवा पत्ता बदलला असेल तर?

नव्या नोंदणीसाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा. वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. मदतीसाठी १९५० हा क्रमांक आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम आधीच उरकावे.

परदेशातील मराठी माणसाला मत देता येते का?

भारतीय पारपत्र असेल आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नसेल, तर नमुना ६ अ भरून नाव नोंदवता येते, परंतु मतदानासाठी केंद्रावर प्रत्यक्ष यावे लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना मत नाही. गावची जमीन त्यांच्या नावावर असेल तर ती खाणपट्ट्यासाठी किंवा रिसॉर्टसाठी विकायची की नाही, हा निर्णय मात्र त्यांच्या हाती असतो, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आज तो फार मोठा निर्णय आहे.

प्रकल्पाला मंजुरी मिळून गेली. आता काही करता येते का?

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते; सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत विलंब माफ होऊ शकतो. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे.

अपील शक्य नसेल तर मंजुरीपत्रातील अटी वाचाव्यात. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लागवड, प्राण्यांसाठी भुयारी मार्ग, रात्रीच्या वाहतुकीवर बंदी, अशा अटींची यादी त्यात असते आणि त्यांच्या पालनाचा अहवाल प्रकल्पचालकाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मागावा. ३० दिवसांत उत्तर येणे अपेक्षित असते. अहवाल हाती आला की जागेवर जाऊन ताडून पाहावे, भुयारी मार्ग झाला असेल तर तो चिखलाने किंवा कुंपणाने बंद आहे का हे छायाचित्रासह नोंदवावे, आणि त्याची प्रत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर येथील विभागीय कार्यालयाला, उपवनसंरक्षकांना आणि आपल्या आमदारांना पाठवावी. आमदारांना पाठवताना पुढील अधिवेशनाच्या बऱ्याच आधी पाठवावी, कारण तारांकित प्रश्नाची सूचना त्यांना ठरलेल्या मुदतीतच द्यावी लागते.